पोर्टलवर कार्यालयाची माहिती टाकताना या चुका टाळा

"ही फाइल पोर्टलवर (सरकारी माहिती लोकांसाठी खुली ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकायची का?" असं विचारलं की कार्यालयात बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात: "सगळी टाका" किंवा "नको, उगाच डोक्याला ताप". दोन्ही चूक. निर्णय फाइलचा नसतो, एकेका रकान्याचा असतो.

शिरोळ तालुक्यातल्या ऊसवाल्यांच्या ठिबक अनुदानाची यादी समोर आहे असं धरा. नाव, गाव, क्षेत्र, रक्कम, बँक खाते, आधार, मोबाइल. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4(1)(ख) प्रमाणे अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा असतो. म्हणून पहिले चार रकाने ठेवायचे. पैसे कुणाला गेले हे तपासायला गावकऱ्यांना खाते क्रमांक किंवा मोबाइल लागत नाही, आणि आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्यानेच मनाई आहे. कुठला रकाना ठेवला, कुठला काढला आणि का, हे टिप्पणीत एकेका ओळीत लिहून सही घ्या. टेबलावरचा माणूस बदलला की तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तो यामुळे टळतो.

रकाना लपवला, गेला नाही

एक्सेलमध्ये रकाना 'हाइड' करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. फाइल सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली तरी लपवलेला रकाना त्यात उतरतो. पिव्होट टेबलच्या (एक्सेलने बनवलेल्या सारांश तक्त्याच्या) पोटात मूळ नोंदी राहू शकतात. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. उपाय साधा आहे: ठेवायचे रकाने नव्या कोऱ्या फाइलमध्ये फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा, ती सीएसव्ही म्हणून जतन करा, आणि अपलोड करण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून बघा.

नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो, ही चूक आरोग्याच्या आकड्यांत हमखास होते. गगनबावड्यातल्या एखाद्या वाडीपुढे 'क्षयरोग, स्त्री, 1' लिहिलं की अख्ख्या वाडीला कळतं. 10 पेक्षा लहान आकडा असेल तर तो वेगळा न दाखवता तालुक्याच्या एकूण आकड्यात धरा. नुसती एक चौकट कोरी ठेवून भागत नाही. खाली एकूण बेरीज असेल तर वजाबाकीने तो आकडा निघतो. दुसरी एखादी चौकटही झाका, नाहीतर गावं एकत्र करा.

जे द्यायलाच हवं, ते अडवू नका

राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ही लोकांच्या जिवाशी जोडलेली माहिती आहे. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण रोजच्या पत्रकाचा फोटो टाकला तर 2019 आणि 2021 च्या पुराची तुलना करायला कुणाला तरी सगळे आकडे हाताने टाइप करावे लागतात. तक्ताच द्या.

आणि तक्त्यात एक चूक फार घातक असते. 43 फूट 10 इंच ही पातळी 43.10 अशी टाइप केली की एक्सेल तिचं 43.1 करतं. मग 43 फूट 6 इंचाचं 43.6 तिच्या वर जाऊन बसतं आणि नदी चढत असताना आलेखात उतरताना दिसते. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवा, किंवा दशांशात 43.83 लिहा. शेजारी वेळ 24 तासांच्या घड्याळाने आणि तारीख 2021-07-23 अशी. पाऊस पडलाच नाही तर 0. मोजलाच नसेल तर जागा कोरी. या दोन गोष्टी एक झाल्या की सरासरी बिघडते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच दिसणाऱ्या अक्षरसंचात. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडतो. जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा. गावाच्या नावाशेजारी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड टाका, म्हणजे कुणी 'हातकणंगले' आणि कुणी 'हातकणंगलें' लिहिलं तरी जोडणी तुटत नाही.

चूक होऊन गेली तर

खासगी माहिती वर गेली असेल तर फाइल लगेच उतरवा, शोधयंत्रातली साठवलेली प्रत काढायला विनंती करा, आणि ज्यांची माहिती गेली त्यांना कळवा; उतरवण्याआधी कुणी डाउनलोड केली असेल तर ती परत येत नाही. नुसता आकडा चुकला असेल तर मात्र गुपचूप बदलू नका. जुनी फाइल राहू द्या, नवीवर दुरुस्तीची तारीख आणि कोणत्या ओळीत काय बदललं ते लिहा.