‘मॅडम, आईला सांगू नका’

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेला मुलगा उठतो, तुम्हाला भिंतीकडे घेऊन जातो आणि हळू आवाजात म्हणतो, “मॅडम, आईला सांगू नका. हाय खाईल ती.” रुग्णालयात समाजकार्य करायला येणार असाल, तर हे वाक्य पहिल्या आठवड्यातच कानावर पडेल. त्यावर काय म्हणायचं हे ठरवून ठेवा. मी ठरवलं नव्हतं.

सरकारी कागदांवर या पदाचं नाव ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असं आहे. वॉर्डात मात्र सगळे ‘सोशल वर्करमॅडम’ म्हणतात. देशातली पहिली अशी नेमणूक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली झाली. या कामासाठी दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं. त्यात कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे विचार शिकवतात. मदत करणाऱ्याच्या ठायी तीन गोष्टी हव्यात, असं त्यांनी १९५७ साली मांडलं होतं : समोरच्याला अटी न घालता स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि आत एक, बाहेर एक असं न वागणं. परीक्षेत मी हे तिन्ही मुद्दे व्यवस्थित लिहिले. वॉर्डात गेल्यावर पहिले दोन सांभाळायला तिसरा सोडावा लागतो, असं मला वाटू लागलं. माया करायची तर थोडं खोटं बोलावंच लागणार, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. ती कशी मोडली ते सांगते.

नोकरीचं पहिलं वर्ष. बीडकडच्या एक मावशी होत्या, पंचेचाळिशीच्या. आजार यकृतापर्यंत पोचला होता. मुलाने मला तेच वाक्य ऐकवलं आणि मी लगेच मान डोलावली. धाकटी मुलगी गावाकडे बारावीला होती. एका दुपारी मुलगा औषधं आणायला गेला तेव्हा मावशींनी माझा हात धरला. “खरं सांग गं, मी बरी होईन ना? पोरीला आत्ता बोलावून घेऊ की पेपर झाल्यावर?” मी म्हणाले, “होणार की मावशी. पेपर होऊ दे तिचे, मग येईल निवांत.” त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि आपण चांगलं काम केलं, असं मला वाटलं. चार पेपर बाकी असताना मावशी गेल्या.

माझ्या वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ते उत्तर तू कुणासाठी दिलंस?” मी स्वतःसाठी दिलं होतं. मावशींचा प्रश्न मला झेपला नव्हता.

तेव्हापासून मी मुलाशी किंवा नवऱ्याशी आधी बोलते. त्यांना दोष देत नाही. दुष्टपणाने कुणी लपवत नाही, त्यांच्या जिवाची घालमेल चाललेली असते. आधी त्यांना बसवते, चहा झाला का विचारते, किती रात्री झोप नाही तेही विचारते. मग स्पष्ट सांगते, “मी आपण होऊन काही बोलणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.” पहिल्यांदा हे वाक्य उच्चारताना माझे पाय कापत होते. मुलगा चिडेल असं वाटलं होतं, पण तो ढसाढसा रडला. तीन महिने एकटा ओझं वाहत होता. एक लक्षात ठेवा : निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, ते आपण अंगावर घ्यायचं नाही. त्याआधी घरच्यांची तयारी करणं आणि डॉक्टर निघून गेल्यावर तिथे थांबणं हे आपलं.

रुग्णाशी बोलताना स्टूल ओढून बसा. खाटेशी उभं राहून बोललेलं दहा मिनिटांचं बोलणंही घाईचं वाटतं. फोन बंद. वाईट बातमी सांगण्याची सहा टप्प्यांची एक पद्धत २०००पासून जगभर शिकवली जाते. तिच्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे सांगण्याआधी विचारणं. “डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?” आणि मग, “अजून किती जाणून घ्यायचंय?” काही जण म्हणतात, “पोराला सांगा, मला नको.” तोही त्यांचा हक्क आहे. खरेपणाच्या नावाखाली नको असलेलं सत्य त्यांच्या माथी मारू नका. पुष्कळदा मात्र उत्तर येतं, “मला केव्हाच कळलंय, पोराला सांगू नका, तो खचेल.” एका खाटेच्या दोन बाजूंना दोघं एकमेकांपासून तेच लपवत असतात.

त्यानंतर गप्प बसायला शिका. हे कुठल्याही कौशल्याहून अवघड आहे. शांतता पसरली की आपल्या तोंडून ‘सगळं ठीक होईल’ निसटतं. ते गिळा.

वेदनेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपली परीक्षा तिथेच होते. शून्य ते दहाच्या मापात किती दुखतं, असा प्रश्न गावाकडच्या आजोबांना कळत नाही. मी विचारते, “रुपयात किती आणे दुखतंय?” लगेच उत्तर येतं, “बारा आणे. रात्री सोळा आणे.” मग डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. मॉर्फिनची गोळी लिहून दिली की घरचे घाबरतात : सवय लागेल, किंवा आता शेवट आला. नीट मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनची व्यसनासारखी ओढ लागणं फार क्वचित घडतं आणि ही गोळी वेदना असेल तेव्हा द्यायची असते, मरण जवळ आल्यावरच असं नाही. हे सांगा. त्याचबरोबर बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत घ्यावंच लागतं, सुरुवातीला गुंगीही येते, हेही सांगा. फायदा तेवढा सांगून त्रास लपवला, तर चौथ्या दिवशी गोळ्या कचऱ्यात जातात आणि पुढचं तुमचं काहीच ऐकलं जात नाही.

आता पैसा. आपला निम्मा दिवस त्यातच जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांसाठी, नोंदणीकृत रुग्णालयात आणि पूर्वमंजुरी मिळाल्यावर. धर्मादाय रुग्णालयांसाठी वेगळी योजना आहे; तिच्यात येणाऱ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हे नियम पाठ असू द्या. दयाळू चेहऱ्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. आणि ‘होऊन जाईल’ हा शब्द तोंडातून काढून टाका. माझ्या तोंडून तो गेला की माणूस गावी फोन करून सांगतो, ‘मॅडम म्हणाल्या, होतंय.’ मग मंजुरी अडकली की तो सावकाराकडे जातो तेही उशिरा, आणखी चढ्या व्याजाने. आता मी म्हणते, “रेशनकार्ड आणि आधार यांतलं नाव जुळत नाही, त्यामुळे अडकू शकतं. गुरुवारी दुपारी या, मंजूर झालं नसलं तरी या, मी काय झालं ते सांगेन.” आणि गुरुवारी दुपारी मी जागेवर असते. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणं सुचवतानाही आधी फोन करून जागा आहे का विचारते, मगच माणूस पाठवते. सामान, सलाइनची सुई लावलेला हात आणि म्हातारी आई घेऊन परत फिरणं काय असतं, ते मी पाहिलं आहे.

तुमच्या स्वतःच्या जिवाचं काय? रडू येईल. रुग्णासमोर डोळे भरून आले तर लपवायची गरज नाही, फक्त त्याने तुमची समजूत काढायची वेळ आणू नका. समाजकार्यात याला नियंत्रित भावनिक सहभाग म्हणतात. शब्द कोरडा आहे, गोष्ट खरी आहे. मी आठवड्यातून एकदा वरिष्ठांसमोर बसून माझ्या चुका सांगते. अशी बाई किंवा असा माणूस नसेल, तर मुलाखतीतच विचारा, “इथे माझ्या केसेसवर चर्चा कोण करेल?” उत्तर मिळालं नाही, तर नोकरी घेताना पुन्हा विचार करा. ज्या दिवशी मनात काहीच उरलेलं नसतं, त्या दिवशी मी सांगते, “आज माझं लक्ष लागत नाहीये, तुमचं नीट ऐकायचंय, उद्या सकाळी दहाला बसू या?” त्याचा कुणी राग धरल्याचं मला आठवत नाही.

मावशींची मुलगी दीड वर्षाने कागदपत्रांसाठी आली. वेणी घातलेली, हातात प्लॅस्टिकची फाइल. विम्याच्या अर्जाला आईचा शेवटचा अहवाल लागत होता. मी तो काढून दिला, मग तिला आतल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं की तुझ्या आईने तुला बोलवायचं का असं विचारलं होतं आणि मीच ‘पेपर होऊ दे’ म्हणाले होते. ती बराच वेळ फाइलच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मला माफ केलंय, असं ती म्हणाली नाही. तिने विचारलं, “आई माझ्याबद्दल आणखी काय बोलायची?”

ते मला आठवत होतं. घरची ज्वारीची भाकरी, तिचं गणित, दादाशी होणारी भांडणं, जत्रेत हट्टाने घेतलेला हिरवा फ्रॉक. जेवढं आठवलं तेवढं सगळं सांगितलं.