तुमच्या नावावर कुणी परस्पर कर्ज काढलं असेल, तर काय करावं?

वसुलीवाल्याचा फोन येतो. तो तुमचं नाव, पत्ता बरोबर सांगतो आणि कधीच न घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकल्याचं सुनावतो. किंवा गृहकर्जाचा अर्ज फेटाळला जातो आणि बँकेत सांगतात, ‘तुमचा सिबिल खराब आहे,’ म्हणजे कर्जफेडीची नोंद वाईट आहे. पॅन-आधारच्या प्रती आणि तुमच्या नावावरचं एखादं सिमकार्ड वापरून भलत्यानंच कर्ज उचललेलं असतं. रक्कम लहान असली की अनेक जण कटकट नको म्हणून ती भरून टाकतात. कृपा करून तसं करू नका. एक हप्ता जरी भरलात, तरी कर्ज तुम्ही मान्य केलंत असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

आधी चारही रिपोर्ट काढा

कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं, याची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. ‘स्कोअर फुकट पाहा’ म्हणणाऱ्या कुठल्याशा ॲपला पुन्हा पॅन देणं म्हणजे नवी जोखीम.

स्कोअर तूर्त बाजूला ठेवा आणि रिपोर्ट ओळीनं वाचा. वैयक्तिक माहितीत अनोळखी मोबाईल नंबर, ईमेल किंवा पत्ता दिसला, तर बहुधा तिथूनच घोळ सुरू झालेला असतो. मग कर्जखाती पाहा: कुणी दिलं, कधी उघडलं, किती रक्कम, कोणत्या महिन्यात किती दिवस थकलं. इथे एक गफलत हमखास होते. ॲपवरून घेतलेलं कर्ज रिपोर्टमध्ये ॲपच्या नावानं दिसेलच असं नाही, त्यामागच्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या) नावानं दिसतं. मागे हप्त्यावर घेतलेला तुमचा स्वतःचाच फोन तिथे अनोळखी नावाखाली असू शकतो. म्हणून तक्रारीआधी तारीख आणि रक्कम ताडून पाहा.

‘एन्क्वायरी’चा भाग मात्र बारकाईनं वाचा. तुमचा रिपोर्ट कुणी, कधी, कशासाठी मागवला हे तिथे असतं. तुम्ही अर्जच केला नसताना एका आठवड्यात तीन-चार एन्क्वायऱ्या असतील, तर तुमच्या नावानं अजूनही कुणीतरी कर्ज मागत फिरतंय.

त्याच दिवशी वाटा बंद करा

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास पाहा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते कळतं. जी तुमची नाही ती तिथूनच कळवा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला.

खात्यातून पैसेही गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. इथे वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी येतं. म्हणून अशा वेळी संकोच करत बसू नका.

पोलिस तक्रार

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोच क्रमांक जपून ठेवा. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क (इंग्रजी क्रमाने ६६सी) खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोलिस ठाण्यात जाताना या कलमाचा अर्जात उल्लेख करा.

कर्ज देणाऱ्याला पत्र: सगळ्यात महत्त्वाचं काम

फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, मजकूर साधा ठेवा:

‘खाते क्रमांक अमुक हे कर्ज मी घेतलेले नाही. कर्जाचा करारनामा, केवायसीची कागदपत्रे व फोटो, ई-सहीची वेळ आणि त्यासाठी वापरलेला मोबाईल नंबर कळवावा. कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा केली, तेही कळवावे. पोलिस तक्रारीची प्रत सोबत आहे. ही नोंद क्रेडिट माहिती कंपन्यांकडून काढून घ्यावी.’

यातला खात्याचा प्रश्न कधीच गाळू नका. सप्टेंबर २०२२ पासूनच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार, काही अपवाद सोडता, रक्कम थेट कर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात जायला हवी. ती भलत्याच खात्यात गेली असेल, तर उत्तर देण्याची पाळी कंपनीची. तुमच्या खात्यात ती आलीच नाही, हे दाखवायला त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट जोडा. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. तसे आले तर त्यांची नोंद याच तक्रारीत घाला.

त्याच दिवशी क्रेडिट माहिती कंपन्यांकडेही तक्रार

जिथे जिथे खोटी नोंद दिसते, तिथे ऑनलाईन तक्रार करा. निकाल ३० दिवसांत लागायला हवा. नाही लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे, म्हणून स्मरणपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करा.

तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक योजनेत बँका आणि एनबीएफसींच्या तक्रारी एकाच ठिकाणी करता येतात, आणि २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आहेत. वकील लागत नाही, शुल्कही नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांची वाट, एवढी पूर्तता मात्र हवी.

मला यातली एक गोष्ट सलते. तपासणी न करता कर्ज देणारा निर्धास्त असतो आणि महिनोन्‌महिने हेलपाटे घालतो तो निर्दोष माणूस. अमेरिकेत २०१८ पासून कुणालाही आपला क्रेडिट रिपोर्ट विनाशुल्क गोठवता येतो, म्हणजे त्याच्या नावावर नवं कर्ज काढणंच अवघड होतं. असा हक्क आपल्या कायद्यानंही प्रत्येकाला मोफत द्यायला हवा.

खोटी नोंद काढून टाकल्याचं कळलं, की कर्ज देणाऱ्याकडून ‘या कर्जाशी तुमचा संबंध नाही’ असं लेखी घ्या. ‘सेटल्ड’ असा शेरा मारून प्रकरण मिटवायला तयार होऊ नका. त्या शेऱ्याचा अर्थ कर्ज तुमचंच होतं, पण पुरतं फेडलं नाहीत, असा होतो. खातं रिपोर्टमधून पूर्ण गेलं पाहिजे. दोनेक महिन्यांनी चारही रिपोर्ट पुन्हा तपासा, कारण अशी कर्जं कधीकधी दुसऱ्या कंपनीला विकली जातात आणि तीच नोंद नव्या नावानं परत उगवते.