ड्रायव्हरमध्ये पीआयडीचा नुसता आकडा साठवू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत भट्टीचं तापमान वाचणारी कार्डं बसतात, त्यांचे लिनक्स ड्रायव्हर मी लिहिते. नव्या पोरांचा कोड तपासायला घेतला की आधी 'पिड_टी' (पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, साठवायचा प्रकार) शोधते. बहुतेक वेळा सापडतंच. प्रोग्राम आयॉक्टलमधून (ड्रायव्हरला आज्ञा द्यायच्या कॉलमधून) सांगतो, तापमान मर्यादेबाहेर गेलं की मला सिग्नल दे. आणि पोरगं त्याचा पीआयडी आकडा म्हणून लिहून ठेवतं.

हे आकडे फिरून वापरात येतात. लिनक्समध्ये मूळ मर्यादा ३२,७६८ ची. ६४ बिटवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. मर्यादा मूळचीच असेल आणि एखादी शेल स्क्रिप्ट सेकंदाला तीन प्रोसेस सुरू करत असेल, तर तीनेक तासांत एक फेरा पुरा होतो आणि मोजणी पुन्हा ३०० पासून लागते. म्हणजे एका पाळीत दोन फेरे. अंबाबाईच्या देवळाबाहेर कालचं टोकन दाखवून चपला मागाव्यात तसं होतं: नंबर तोच, चपला दुसऱ्याच्या. इथं तर त्या दुसऱ्याला सिगयूएसआर१ जातो, आणि तो हाताळायची सोय केलेली नसेल तर ती प्रोसेस मरतेच.

म्हणून आकडा नको, 'स्ट्रक्ट पिड'चा, म्हणजे कर्नल त्या पीआयडीसाठी बनवतं त्या ऑब्जेक्टचा, पॉइंटर ठेवा. आयॉक्टलमध्येच गेट_पिड(टास्क_टीजीआयडी(करंट)) करायचं; करंट म्हणजे आत्ता चालणारा टास्क, आणि गेट_पिडनं रेफरन्स धरला जातो. टास्क_पिड नव्हे, टास्क_टीजीआयडी. कर्नलच्या भाषेत 'पिड' म्हणजे एक थ्रेड. वापरकर्त्याला गेटपिड() जे देतं तो टीजीआयडी, प्रोग्रामच्या सगळ्या थ्रेडचा मिळून एक. थ्रेडचा धरलात आणि तो थ्रेड संपला, तर प्रोग्राम जिवंत असूनही सिग्नल पोचत नाही. ही चूक महिनोन्‌महिने दिसत नाही, म्हणून मला तिची जास्त धास्ती.

एक गैरसमज हमखास असतो: रेफरन्स धरला की आकडा अडून राहतो. नाही राहत. प्रोसेस संपली की आकडा सुटतो आणि दुसऱ्याला मिळतो, पण त्या दुसऱ्यासाठी नवीन स्ट्रक्ट पिड बनतं. तुमच्या हातातलं जुनं तसंच राहतं, फक्त त्याला लटकलेला टास्क नसतो. मग सिग्नल पाठवणारं किल_पिड() उणे ईएसआरसीएच ('अशी प्रोसेस नाही') परत देतं. ते आलं की नोंद काढून टाका, एररचा गाजावाजा नको. टास्क_स्ट्रक्ट (टास्कची अख्खी माहिती) धरून ठेवायचा मोहही टाळा; ते केवढं तरी मोठं, आणि हेडरमधल्या टिपेनुसार स्ट्रक्ट पिड जेमतेम ६४ बाइटचं.

तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर कार्डाकडून येणाऱ्या इंटरप्टमध्ये पॉइंटर वाचताना लॉक लागतंच, कारण त्याच वेळी दुसरीकडून आयॉक्टल तो बदलत असू शकतं. लॉकच्या आत गेट_पिड, लॉक सोडा, मग किल_पिड, शेवटी रेफरन्स सोडायला पुट_पिड. आणि रिलीजमध्ये (उघडी फाइल शेवटी बंद होताना) पुट_पिड विसरलात तर मेमरी गळते. फोर्क झालेल्या पोराकडे (चाइल्ड प्रोसेसकडे) फाइल उघडी असेल तर आईबाप गेल्यावर बऱ्याच उशिरा रिलीज येतं, हेही धरून चाला.

प्रोग्रामनं दुसऱ्या कुणाचा आकडा पाठवला असेल तर आकड्यावरून स्ट्रक्ट पिड शोधणारं फाइंड_गेट_पिड() तिथल्या तिथे, आयॉक्टलमध्येच. वर्कक्यूसाठी (कर्नलच्या मागाहून करायच्या कामांच्या रांगेसाठी) ठेवायचं नाही. तिथं करंट म्हणजे केवर्कर, ती कामं करणारा कर्नल थ्रेड, आणि तो मुळच्या नेमस्पेसमध्ये (पीआयडीच्या स्वतंत्र यादीत) बसलेला. कंटेनरमधल्या प्रोग्रामचा ७ म्हणजे बाहेरचा १८४३२ असू शकतो. केवर्कर ७ शोधेल तर भलतंच काहीतरी हाती लागेल. उलट दिशेलाही तसंच: प्रोग्रामला आकडा परत द्यायचा तर पिड_व्हीएनआर(), लॉगसाठी पिड_एनआर(). व्हीएनआरनं शून्य दिलं तर ती प्रोसेस त्या नेमस्पेसमधून दिसतच नाही.

तपासणी व्हर्च्युअल मशीनवर करा, फाउंड्रीतल्या गेटवेवर नाही. /प्रॉक/सिस/कर्नल/पिड_मॅक्स मध्ये १००० लिहा. प्रोग्राम आयॉक्टलनंतर मारा, पण फाइल उघडी ठेवणारी चाइल्ड प्रोसेस मागं ठेवा. मग शेलच्या लूपमध्ये '/बिन/ट्रू' चालवत राहा (नुसतं 'ट्रू' शेलच्या आतच चालतं, नवी प्रोसेस होत नाही), तोच आकडा एखाद्या 'स्लीप'ला मिळेपर्यंत. आता तापमानाचा खोटा इंटरप्ट सोडा. स्लीप मेला तर कोड परत पाठवा.