माळावर झाडं लावायच्या आधी हे वाचा

मे संपत आला की कुणाचा तरी हमखास फोन येतो, गावाजवळचा माळ उजाड पडलाय, कुठली झाडं लावू? मी म्हणतो थांबा, उजाड आहे का ते तरी बघा. तरवड, हिवर, बोर तुरळक दिसतायत, वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतोय आणि पावसात पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं येतायत, तर तिथलं जंगल कुणी तोडलेलं नाही, ते मुळातच गवताचं रान आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी साहित्य, ओव्या धुंडाळून २०२५ मध्ये दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली अशी रानं निदान ७५० वर्षं जुनी आहेत. तिथे ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडं लावली की उघड्या गवतात राहणाऱ्या चिंकारा हरणाची आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांची पंचाईत. (मीही लावलीयेत एकेकाळी, आता तीच उपटत बसतो.)

माळ सुधारायचाच असेल तर पहिलं काम घाणेरी (लँटाना, बाहेरून आलेलं झुडूप) काढणं. कोयत्याने वरवर छाटू नका, बुडातून परत फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंच्या टीमची पद्धत सोपी आहे, बुडाशी जरा उकरायचं, खोड मुळाला मिळतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून तिथंच वाळवायचं. फळं धरायच्या आधी करा, नाहीतर बी तुम्हीच पसरवाल. पुढचे दोन पावसाळे पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपं शोधून उपटा, हे काम सगळे विसरतात.

मग गवताचं बी. दिवाळीच्या आसपास जवळच्याच चांगल्या माळावरून गोळा करा, सगळं ओरबाडू नका, कोरडं ठेवा आणि पावसाच्या तोंडावर दंताळ्याने माती खरवडून फेका. कुसळीचं बी तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकून बघा, शेपटी पीळ सोडत गोल फिरते, तशीच फिरत ते स्वतःला जमिनीत रुतवतं, खड्डे कशाला हवेत!

धनगरांना हाकलू नका हां. त्यांच्याशी बोलून पावसाळाभर एक तुकडा न चारता राखा, बी गळालं की चरायला मोकळा करा, पुढच्या वर्षी दुसरा.

आणि फरक पडतोय का हे नुसतं डोळ्यांनी ठरवू नका. सळईची एक मीटरची चौकट करा, राखलेल्या आणि न राखलेल्या दोन्हीकडे खुणेचे दगड पुरून दर सप्टेंबरला त्याच जागी ठेवा, आत कुठलं गवत किती ते वहीत लिहा. नाव येत नसेल तर फोटो काढून गुराख्याला दाखवा, तो सांगतो.