बक्षिसाआधी रोस्टर वाचा

रुग्णालयाच्या एचआर विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडून पहिल्या काही आठवड्यांतच एक फाईल हमखास तयार होते, ती म्हणजे इन्सेंटिव्ह योजना. उत्साह चांगलाच. पण ती फाईल जरा बाजूला ठेवा आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचे ड्यूटी रोस्टर मागवून घ्या. सलग नाइट कुणाला लागल्या, मंजूर सुट्टी कुणाची रद्द झाली, एका सिस्टरकडे किती पेशंट होते, हे त्यात उघड दिसतं.

पेशंटच्या संख्येवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. परिचारिका थकून, कोमेजून जाण्याची शक्यता तर २३ टक्क्यांनी. माणसंच कमी असतील तर बोनस वाटून ती जागा भरत नाही.

बरं, पैशाने काम होत नाही असं नाही. होतं, आणि नेमकं मोजलं तेवढंच होतं. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा १४६ निकषांना जोडला गेला. मधुमेह आणि दम्याची काळजी सुरुवातीला झपाट्याने सुधारली. उद्दिष्टं गाठल्यावर मात्र वेग मंदावला. दमा आणि हृदयविकाराच्या उपचारातल्या ज्या बाबींना पैसे नव्हते, त्यांचा दर्जा घसरला. रुग्णाला नेहमीचाच डॉक्टर भेटण्याचं प्रमाणही कमी झालं. यात कुणी लबाड होतं असं मला वाटत नाही. दिवसाचे तास तेवढेच असतात.

वॉर्डात हेच छोट्या रूपात दिसतं. सकाळी लवकर डिस्चार्ज दिल्याबद्दल बक्षीस ठेवलं, की संध्याकाळी घरी जाऊ शकणारा पेशंट रात्रभर थांबवला जातो. ‘या महिन्यात एकही पेशंट पडला नाही’ यासाठी बक्षीस ठेवाल, तर पेशंट पडायचे तेवढे पडतात, फक्त नोंद होत नाही. संशोधक एमी एडमंडसन यांना नर्सिंग टीमचा अभ्यास करताना आढळलं, की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे बोलायची भीती नव्हती. त्यामुळे शून्य चुकांचा तक्ता पाहून खूश होण्याआधी नोंदवही कोण लिहितं ते विचारा. आणि ‘महिन्यातील उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून लावलेल्या फोटोंमध्ये नाइटवाले किती आहेत तेही बघा. बहुतेक ठिकाणी दिवसपाळीच जिंकते, कारण साहेब दिवसाच राउंड घेतात.

मग चालतं काय? संशोधक मायकेल वेस्ट यांनी २००२ मध्ये इंग्लंडमधल्या ६१ रुग्णालयांची पाहणी मांडली. जिथे अप्रेझल, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामाचा आढावा, नीट होतं, प्रशिक्षण मिळतं आणि माणसं टीममध्ये काम करतात, तिथे मृत्युदर कमी आढळला. हा सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या; एकीमुळे दुसरी झाली हा कार्यकारणभाव सिद्ध झाला असं म्हणू नका. तरी अप्रेझलचा संबंध त्यात सर्वांत ठळक होता, आणि आपल्याकडे सर्वांत उरकून टाकलं जाणारं काम तेच. शेवटच्या दिवशी फॉर्मवर टिक मारणं म्हणजे अप्रेझल नव्हे. बसून बोलायचं: काम कुठे अडतं, काय शिकायचंय, गेल्या वेळी कबूल केलेलं आम्ही पाळलं का?

मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गचा कामातल्या उमेदीबद्दलचा १९५९ चा सिद्धांत तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. पगार आणि कामाची परिस्थिती बिघडली की नाराजी येते, पण ती सुधारल्याने उमेद येतेच असं नाही. नवे लोक यातून ‘पैशाने काही होत नाही’ एवढंच उचलतात, तेही चुकीचं. ओव्हरटाइमचे पैसे थकलेले असताना प्रशस्तिपत्रक देऊन बघा, कर्मचारी ते टेबलावरच सोडून जातात.

एक सवय आधीपासून लावा. राजीनाम्यांची यादी वॉर्डवार आणि पाळीवार मांडायची. नोकरी सोडताना होणाऱ्या एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये सगळेच ‘घरगुती कारण’ सांगतात, यादी तसं सांगत नाही. माणसं एकाच इन्चार्जच्या हाताखालून जात असतील, तर इन्सेंटिव्हच्या फाईलआधी त्या इन्चार्जच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव लिहावा लागतो. त्याला मंजुरी मिळवणं जास्त कठीण जातं, हेही आत्ताच सांगून ठेवतो.