डोंबिवली सोडून गावी घर बांधताय? बँकेत जाण्याआधी सातबारा उघडा

संगमेश्वर तालुक्यात आमच्या जुन्या घराच्या जागी चिऱ्याचं नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी कर्जासाठी पगाराच्या स्लिपा घेऊन बँकेत गेले. साहेबांनी त्या बाजूला सारल्या आणि सातबारा मागितला. त्यावर अकरा नावं होती. अर्ज तिथेच अडला. तुमचा अडू नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. सोबत ८अ (खात्याचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढून ठेवा, कारण बँकेचा वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे तेवढ्या काळातले मालकीचे कागद तपासतो. घरपट्टीच्या उताऱ्यावर विसंबू नका, तो मालकीचा पुरावा नाही.

जमीन सामाईक असेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र (बाकीच्यांनी आपला हिस्सा सोडल्याचा कागद) लागतं. घरातल्या घरात स्टँपपेपरवर केलेली वाटणी बँक धरत नाही. आमच्याकडे यातच आठ महिने गेले. आत्याकडे मी कागद घेऊन गेलेच नाही. आधी नुसती भेटायला गेले आणि मागच्या पडवीलगतची खोली तिची राहील असं सांगितलं. सहीचं तिनेच काढलं. घाई करून माणसं दुखवू नका, एक सही अडली की सगळंच अडतं. नोंदणीनंतर फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस असतात, तेही हिशोबात धरा.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. आमच्या उताऱ्यावर विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद होती. आजोबांनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण बोजा कमी करायचा राहिला होता. सोसायटीचा बेबाकी दाखला (काही देणं बाकी नसल्याचा) तलाठ्यांकडे दिला, तेव्हा तो उतरला.

जमीन शेतीची असेल तर एनएचं (बिगरशेतीचं) बघावं लागतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर वेगळी एनए परवानगी लागत नाही. काय भरायचं आणि कोणता कागद घ्यायचा, ते तहसीलदारांकडे विचारा. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असेल तर मात्र आधी वकील गाठा.

कर्ज शक्यतो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शाखेतून घ्या. शहरातल्या शाखेला गाव लांब पडतं, पाहणीला कोणी येत नाही. घरून काम करत असाल तर ते कायमस्वरूपी आहे असं कंपनीचं पत्र आधीच मागून ठेवा. आम्हाला ते दोनदा मागितलं. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ९० टक्क्यांची आहे, पण गावात मूल्यांकन कमी येतं. आमचा अंदाज २२ लाखांचा होता, मंजूर झाले १६. वरचे ६ लाख हाताशी होते म्हणून काम थांबलं नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: जोतं, भिंती, स्लॅब. आमचं घर कौलारू, स्लॅबच नाही. इंजिनिअरकडून ‘वासे-कौलं’ असा टप्पा अंदाजपत्रकात लिहून घेतला. पहिला हप्ता दसऱ्यानंतर उचला. जूनमध्ये उचललात तर पावसात काम बंद आणि व्याज चालू.

शेवटी, गहाण नोंदवल्याची नोटीस ३० दिवसांत दुय्यम निबंधकांकडे जाते. तिची प्रत मी आजोबांच्या त्या दाखल्याच्याच फाइलला लावली आहे. कर्ज फिटलं की बोजा मीच उतरवून घेणार.