फेअरी रॅस ओळखताना मी ठिकाणावर विसंबले, तिथेच फसले

फेअरी रॅस म्हणजे सिऱ्हिलॅब्रस वंशातले प्रवाळखडकांवरचे छोटे, रंगीत समुद्री मासे. माझ्याकडे त्यांतल्या एका नराचा फोटो होता. अंग जांभळट, पाठीवर डोक्यामागून शेपटीकडे गेलेला ठळक नारिंगी रंग, आणि फाइलच्या नावात ‘बाली’. मी त्याला ‘सोलोरेन्सिस, बाली रूप’, म्हणजे सोलोरेन्सिस जातीचा बालीकडचा रंगप्रकार, म्हणून माझ्या फोटोंच्या यादीत घातलं. पुढच्या आठ महिन्यांत तसाच नारिंगी पाठीचा मासा दिसला की मी तो त्याच नावाखाली ठेवत गेले. असे अकरा फोटो जमले. मग एका डायव्हरने इंडोनेशियातल्याच सुलावेसी बेटाच्या तोमिनी उपसागरात स्वतः टिपलेला फोटो पाठवला, आणि त्यात तोच मासा होता. तो ऑरँटिडॉर्सालिस. 1999 मध्ये तोमिनीतूनच त्या जातीचं वर्णन झालं आहे, आणि तिच्या नावाचा अर्थच ‘सोनेरी-नारिंगी पाठीचा’ असा आहे. मला नाव माहीत होतं, वर्णनही वाचलेलं होतं. तरी मी तिकडे वळले नाही, कारण ‘बाली’ वाचल्याबरोबर माझ्या डोक्यातून तोमिनी बाद झालं होतं.

ज्या मॅडमकडे मी शिकत होते त्यांना सगळे फोटो दाखवले. त्यांनी माशाकडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, “हा बालीत धरला, हे तुला कुणी सांगितलं?” मला उत्तर देता आलं नाही. बाली हे मासा निर्यात झाला ते ठिकाण होतं. इंडोनेशियाच्या कितीतरी बेटांवरचे मासे एका-दोन शहरांत गोळा होतात आणि तिथून बाहेर जातात. खोक्यावर त्या शहराचं नाव लागतं, पुढे फोटोला तेच चिकटतं. मासा कुठल्या खडकावर पोहत होता, हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही.

आता यातली खरी चूक जरा सावकाश सांगते. चिठ्ठी खोटी निघाली हे दुर्दैव म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी ठिकाण पाहून नाव दिलं, आणि मग त्याच नावाच्या आधारे नकाशावर टिंब मांडलं: ‘बालीत नारिंगी पाठीचं सोलोरेन्सिस मिळतं’. पुढचा मासा आला तेव्हा तेच टिंब माझा पुरावा झालं. नाव ठिकाणावरून, ठिकाण नावावरून, आणि या सगळ्यात माशाकडे नीट कुणी पाहिलंच नाही. अकरा फोटो जमले म्हणून माझी खात्री वाढत गेली, पण ते अकरा स्वतंत्र पुरावे नव्हतेच. पहिल्याच चुकीच्या त्या अकरा नकला होत्या. प्रादेशिक रंगरूपांच्या बाबतीत हा सापळा जास्तच घातक आहे, कारण ‘अमुक भागातलं रूप’ या शब्दातच ठिकाण आहे. ठिकाण गृहीत धरलं की रूप आपोआप सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

ही चूक फक्त नवशिके करतात असं समजू नका. याच वंशातल्या रुब्रिस्क्वॅमिस जातीचं वर्णन 1983 मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या एका पिल्लावरून झालं. पुढे मालदीवमध्ये मोठे, देखणे नर सापडले तेव्हा ते त्याच जातीचे प्रौढ मासे आहेत असं धरलं गेलं. चागोस जवळच आहे, पिल्लू लालसर आहे, मग दुसरं काय असणार? 2022 मध्ये ती वेगळी जात ठरली, सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा. मालदीवच्या दिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब. त्या वर्णनकर्त्यांत अहमद नजीब हे मालदीवचे संशोधक आहेत. फरक दाखवताना त्यांनी प्रौढ नरांच्या रंगाबरोबर पाठीच्या परातल्या काट्यांची उंची आणि खवल्यांची संख्याही मांडली. तांबड्या समुद्रातल्या रुब्रिव्हेंट्रालिसचंही असंच. 1974 मध्ये तिचं वर्णन झालं, आणि नंतर पूर्व आफ्रिकेपासून श्रीलंकेपर्यंतचे उंच काट्यांचे मासे वर्षानुवर्षं त्याच नावाखाली राहिले. 2016 मध्ये त्यांतून आफ्रिकॅनस आणि रुबेउस या जाती वेगळ्या झाल्या. तेव्हा जुन्या पुस्तकातलं नाव आणि जुन्या फोटोवरचं नाव आजही लागू आहे का, हे दर वेळी तपासा.

बाकीचं थोडक्यात. आधी पर बघा, रंग नंतर: पोटाखालचे पर केवढे लांब, शेपटी गोल की भाल्यासारखी, पाठीचे पहिले काटे उंच आहेत का. काटे मोजायला जाल तर या वंशात पाठीवर 11 काटे आणि 9 मऊ अर (पराला आधार देणाऱ्या लवचीक काड्या) असतात. फ्लॅशर रॅस या जवळच्या वंशापासून वेगळं करायला तेवढं पुरतं, पण जवळच्या दोन जातींत हा आकडा सारखाच येतो. मादीवरून किंवा पिल्लावरून जात सांगायचं धाडस करू नका. या माशांत मादीचाच पुढे नर होतो. तो बदल होताना मासा अधल्यामधल्या रंगांत असतो, त्या काळातला फोटो तर पूर्णच बाजूला ठेवा. नर मादीपुढे मिरवतो तेव्हा काही सेकंद त्याचे रंग इतके पेटतात की तोच मासा दुसरा वाटतो. खोलवर लाल प्रकाश पोचत नाही, म्हणून फ्लॅशने आणि फ्लॅशविना काढलेले फोटो शेजारी ठेवून तुलना करू नका.

रंगांचे तक्ते पाठ करून शिकण्याला माझा विरोध आहे, आणि तो मी बदलणार नाही. तक्त्यात प्रत्येक जातीचा एकच नर असतो, तोही ऐन रंगात. त्यातून आपल्याला जाती ओळखता येतात असा भ्रम तेवढा होतो. फोटो पाहून दोन सेकंदांत नाव सांगणारे गुरूही मला नकोत. त्यांचं नाव बरोबर असेल, पण ते कशावरून दिलं हे तुमच्या हाती लागत नाही. आधी प्रश्न विचारणारा माणूस शोधा. असा एक जरी मिळाला तरी पुरे.

हे वाचून धीर सोडू नका. तुम्हाला जे सुटत नाही त्यातलं काही कुणालाच अजून पुरतं सुटलेलं नाही. सायनोप्लुरा जातीच्या गोतावळ्यात कुशीवर पिवळा डाग असलेल्या माशांना काही तज्ज्ञ स्वतंत्र जात मानतात, काही मानत नाहीत. एक्स्क्विझिटस हा मासा पूर्व आफ्रिकेपासून थेट पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांपर्यंत आढळतो. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका सगळीकडे दिसतो, पण बाकीचे रंग भागाभागाला बदलतात, आणि तरीही आज नाव एकच आहे. तिथे ‘एक्स्क्विझिटस, आफ्रिकी रूप’ असं लिहून थांबणं हे पूर्ण उत्तर आहे. तुमच्या नजरेत खोट आहे असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

आता माझ्या यादीत ठिकाणाचे दोन रकाने आहेत. एकात मासा कुठे धरला किंवा पाण्यात कुठे टिपला, तेही सांगणारा स्वतः तिथे होता तरच. दुसऱ्यात तो कुठून विकला किंवा पाठवला गेला. नाव देताना मी दोन्ही रकाने झाकते, मासा पाहून जे सुचेल ते लिहिते, आणि मगच रकाने उघडते. जुळलं नाही तर खोडत नाही, दोन्ही तसंच ठेवते. त्या अकरा फोटोंपैकी सहांचं मूळ ठिकाण विचारून विचारून मिळालं, आणि सहाही तोमिनीचे निघाले. उरलेल्या पाचांचा पहिला रकाना अजून रिकामा आहे.